तेलावर तरंगणारा

बॉनेट उघडल्याबरोबर तो दिसत नाही. आधी दिसतं इंजिनवरचं काळं कव्हर, मग बॅटरी, मग कूलंटची टाकी. तो असतो पार मागे, पत्र्याच्या आडोशाखाली. टॉर्च मारून वाकलं की भेटतो. गोगलगायीचे दोन शंख पाठीला पाठ लावून बसवावेत तसा त्याचा आकार. एक शंख बिडाचा, तापून तापून तांबूस पडलेला. दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा, त्या मानाने उजळ. दोन ओंजळींत मावेल एवढा जीव, पण माझ्या लहानशा गाडीला तिच्या वयाच्या आणि वजनाच्या मानाने जो दम आहे, तो सगळा या टर्बोचा.

दोन्ही शंखांतून एकच दांडा जातो. बिडाच्या बाजूला इंजिनातून बाहेर पडणारा धूर पंख्यावर आदळून तो फिरवतो. दुसऱ्या टोकाचा पंखा ताजी हवा दाबून पुन्हा इंजिनात भरतो. जी उष्णता एरवी सायलेन्सरमधून फुकट जायची, तिला कामाला लावण्याची ही युक्ती स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांची. १९०५ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं. आजचा लहान टर्बो शर्यतीच्या ट्रॅकवर मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. त्याच्या एका अंगाला नऊशे अंशांच्या वरचा धूर असतो आणि चार बोटांवर हवेचा थंड रस्ता. एवढ्या गतीत लोखंड लोखंडाला टेकलं तर क्षणात जळून जाईल. म्हणून हा दांडा बेअरिंगला टेकतच नाही. तेलाच्या केसाहून पातळ थरावर तो तरंगत राहतो.

ते तेल त्याच्याकडे येतं बारीक पाइपातून, पंपाच्या दाबाने. परत जातं मात्र जाड पाइपातून, नुसत्या उताराने. जाताना त्याला ढकलायला कुणी नसतं. दांड्याच्या दोन्ही टोकांना रबराचं सील नसतं, बारीक रिंगा असतात, आणि त्यांचा भरवसा बराचसा बाहेरून दाबणाऱ्या वायूवर असतो. घराला उंबरठा असावा पण दाराला कडी नसावी, तसं हे आहे. खालची वाट मोकळी असेल तोवर तेल उंबरठा ओलांडत नाही. वाट तुंबली की टर्बोच्या घरात तेल साठतं आणि दोन्ही बाजूंनी बाहेर पडतं. मग लोक एकमुखाने म्हणतात, टर्बो गेला.

माझ्याही बाबतीत तसंच झालं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. पुण्याहून गाडी चालवत मी तिथल्या ट्रॅक डेला गेले होते. दुसऱ्या सत्रात वळणाआधी अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आरशात निळसर धूर दिसू लागला. मार्शलने काळा झेंडा दाखवला, मधोमध नारिंगी गोल असलेला: तुमच्या गाडीत बिघाड आहे, आत या. आत आले. गाडीखाली पुठ्ठा सरकवला, तर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथून थेंब. टॅपेट कव्हरची मागची कडही ओली. भोवती जमलेल्यांनी तीन निदानं केली: टर्बो, क्रँकचं मागचं सील, टॅपेटचं पॅकिंग. खर्चाच्या उतरत्या क्रमाने.

त्या दिवशी मी पुन्हा ट्रॅकवर उतरले नाही. तेलाची गळती ही फक्त आपल्या खिशाची गोष्ट नसते. तापलेल्या बिडावर तेल पडलं तर पेट घेऊ शकतं. वळणावर सांडलं तर मागून येणाऱ्याच्या टायरखाली जातं. निसरड्या ट्रॅकसाठी पिवळ्या-लाल पट्ट्यांचा वेगळा झेंडा ठेवावा लागतो, यातच काय ते आलं. आपलं तेल दुसऱ्याच्या वाटेत सांडायचा हक्क आपल्याला नाही.

पुण्यात आमच्या मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली आणि पान्याला हातच लावला नाही. आधी इंजिन धुतलं. म्हणाले, "ताई, तेल जिथे दिसतं तिथून निघालेलं नसतं. ते खाली ओघळतं आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून शोधताना वर आणि पुढे बघायचं. सगळ्यात उंच ओली जागा सापडली की बोलू." मग तेलात रंगद्रव्य घातलं, गाडी थोडी फिरवून आणली आणि शटर अर्धं ओढून निळा दिवा लावला. अंधारात पिवळट-हिरवी रेघ चमकली. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून ती थेट गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत उतरली होती. क्रँकचं सील निर्दोष सुटलं.

धुराचा प्रश्न उरला. मिस्त्रींनी हवेचा पाइप काढून टर्बोचा दांडा दोन बोटांत धरला. आडवा किंचित हलला. तेवढं चालतं, तेलाचा थर बसायला जागा लागतेच. पुढे-मागे ओढून पाहिला, जाणवण्याइतकाही सरकला नाही. पंख्याची पाती घराला कुठे घासल्याची खूण नाही. इंटरकूलरमध्ये तेलाचा हात पुसल्यासारखा थर, डबकं नाही. तेलाच्या बारीक पाइपाचा बंजो बोल्ट कोरडा, त्याची कॉपर वॉशर शाबूत. परतीचा जाड पाइप काढून आत पाहिलं, तोही मोकळा, कुठे दुमडलेला नाही. टर्बोची प्रकृती उत्तम होती, तरी तो तेल टाकत होता.

तेव्हा मिस्त्रींनी तेल भरायचं झाकण उघडलं, त्या तोंडावर रबराचा हातमोजा ताणून बसवला आणि इंजिन सुरू केलं. खरं म्हणजे मोजा जरासा आत ओढला जायला हवा होता. तो हळूहळू फुगला, बोटं एकेक करून ताठ झाली आणि गाडीच्या बॉनेटखालून कुणी हात वर करावा तसा उभा राहिला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

इंजिन कितीही चांगलं असलं, तरी पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेर काढायला ब्रीदरची वाट असते. आमच्या ब्रीदरमधली झडप चिकट काळ्या गाळाने बंद पडली होती. शहरात ते जाणवलं नाही. ट्रॅकवर सतत पूर्ण दाब, लांब वळणांत एका बाजूला चढणारं तेल, आणि मी खबरदारी म्हणून खुणेच्या वर भरलेलं अर्धा लिटर जास्तीचं. वायूला जायला वाट राहिली नाही. त्याने टॅपेटचं पॅकिंग ढकललं, आणि चेंबरमधून त्या जाड पाइपात वर दाब धरला. टर्बोचं तेल नुसत्या उताराच्या भरवशावर खाली येत होतं, ते अडलं. घर भरलं, उंबरठा ओलांडला, धूर निघाला. तीन जागी दिसलेल्या तेलामागे एकच बंद पडलेली झडप होती.

नाना पेठेतून झडप, होज आणि पॅकिंग आणलं. तिन्हींची मिळून किंमत नव्या टर्बोच्या पासंगालाही पुरणारी नव्हती. परतीच्या पाइपाच्या जोडाला सिलिकॉन लावू का, असं मी विचारलं, तर मिस्त्रींनी मान हलवली. त्याचा तुकडा आत सुटला तर वाट पुन्हा तुंबेल. तिथे साधं पॅकिंगच हवं. तेल दोन खुणांच्या मधे आणलं. मोजा पुन्हा लावला. या वेळी तो निमूट आत ओढला गेला.

आता ट्रॅकवर शेवटची फेरी मी संथ घेते. आत आल्यावरही लगेच चावी फिरवत नाही. तापलेल्या टर्बोला तसंच बंद केलं तर त्याच्या घरातलं तेल जागच्या जागी करपतं, काजळी धरतं आणि पुढच्या वेळी त्याच्याच वाटेत येतं. म्हणून दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून बसते. बंद केल्यावर मागून बीड आकसल्याची टकटक येत राहते, आधी भरभर, मग सावकाश.

मग गाडीखाली पुठ्ठा सरकवते. पुढची बाजू कुठली ते बाणाने दाखवलेलं असतं, म्हणजे डाग पडलाच तर वर कुठे बघायचं ते कळतं. मागच्या खेपेला सकाळी काढला तेव्हा तो कोरा होता. तरी त्यावर तारीख घातली आणि डाग पडलेल्या पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात ठेवला.