आधी खिडकी, मग बेल्ट

ट्रेनिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? गारठलेला एसी हॉल, पॉवरपॉइंट, अकराचा चहा, दुपारचा बुफे आणि शेवटी अंगठे वर करून काढलेला ग्रुप फोटो. त्यामुळे 'समुद्रावर जायच्या आधी तीन दिवसांचं सेफ्टी ट्रेनिंग उरकून घे' असं बॉसने सांगितलं, तेव्हा ऑफिसात पहिली प्रतिक्रिया आली ती, 'मज्जा आहे बाबा एका माणसाची!'

मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीअर. नवी मुंबईतल्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये बसून आग आणि गॅस ओळखणाऱ्या यंत्रणांचं लॉजिक लिहिते. म्हणजे कुठल्या डिटेक्टरने आरडाओरडा केला की कुठला व्हॉल्व्ह बंद व्हायचा, कुठला पंप सुरू व्हायचा, भोंगा केव्हा वाजायचा. हे सगळं स्क्रीनवर, चौकोन आणि बाणांच्या भाषेत. ती यंत्रणा प्रत्यक्ष बसते मुंबईच्या किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर, बॉम्बे हायच्या प्लॅटफॉर्मवर. आता तीच सुरू करून द्यायला मला तिकडे जायचं होतं. आणि तिकडे जायचं तर जुहूहून हेलिकॉप्टर. हेलिकॉप्टरात बसायचं तर सर्टिफिकेट हवं.

आईला मी 'पूलमध्ये थोडी प्रॅक्टिस असते' एवढंच सांगितलं. ती दोन क्षण गप्प राहिली आणि म्हणाली, 'तुझी नोकरी ऑफिसातली ना गं?'

सत्तावीस जुलै

बॉम्बे हाय म्हणजे समुद्राच्या पोटातलं तेल-वायूचं क्षेत्र. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने इथे तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. शाळेच्या पुस्तकात आपण एवढंच वाचलेलं असतं. तिथे माणसं राहतात, जेवतात, झोपतात, पंधरवडाभर घरी फिरकत नाहीत, हे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही.

पहिल्या दिवशी आमच्या इन्स्ट्रक्टर सरांनी फळ्यावर एक तारीख लिहिली. २७ जुलै २००५. त्यांनी विचारलं, आदल्या दिवशी काय झालं होतं? सगळे एका सुरात म्हणाले, 'पाऊस!' २६ जुलै मुंबईकराला विचारावा लागत नाही. पण दुसऱ्या दिवशी समुद्रात काय झालं, ते वर्गातल्या दोघांनाच ठाऊक होतं.

'समुद्र सुरक्षा' नावाच्या जहाजावर एका आचाऱ्याची बोटं कापली गेली होती. हवा इतकी वाईट होती की हेलिकॉप्टर उडेना. म्हणून त्याला क्रेनने उचलून प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं. जहाज जवळ आलं, लाटांनी ढकललं गेलं आणि समुद्रतळावरून गॅस वर आणणाऱ्या पाइपांवर आदळलं. गॅस सुटला, पेटला आणि दोन तासांच्या आत बॉम्बे हाय नॉर्थचा तो प्लॅटफॉर्म नाहीसा झाला. बावीस जण गेले. साडेतीनशेहून जास्त माणसं वाचली.

'आपण इथे या साडेतीनशेंबद्दल बोलायला जमलोय,' सर म्हणाले, 'ती कशी वाचली, त्याबद्दल.'

मग आलं पायपर अल्फा. ६ जुलै १९८८, स्कॉटलंडजवळचा उत्तर समुद्र, १६७ बळी. त्यातले बरेचसे आगीत नाही, तर राहत्या खोल्यांच्या ब्लॉकमध्ये धुरात गुदमरून गेले. नियमाप्रमाणे तिथे जमून ते पुढच्या सूचनेची वाट पाहत होते. सूचना आली नाही. वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी कुणाची वाट न बघता समुद्रात उड्या घेतल्या होत्या. आज जगभर ऑफशोअर कामगारांना जे शिकवतात, त्यातलं कितीतरी या एका रात्रीतून आलेलं आहे.

बॅचमध्ये आम्ही सोळा जण होतो. वेल्डर, क्रेन ऑपरेटर, रंगारी, एक डॉक्टर, एक सर्व्हेअर. मुलगी मी एकटीच. मिळालेला लाल कव्हरऑल इतका मोठा की त्यात माझ्यासोबत अख्खी ट्रॉलीबॅग मावली असती. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर कणकवलीकडचे एक काका. वय पंचेचाळीसच्या आसपास, आचारी. ज्या हॉटेलात पंधरा वर्षं काढली ते बंद पडलं होतं. एका केटरिंग कॉन्ट्रॅक्टरने रिगवरच्या किचनमध्ये घेतो म्हटलं होतं. एकच अट, हे सर्टिफिकेट.

आचाऱ्याची बोटं कापल्याचं ऐकल्यावर काकांनी आपले दोन्ही हात हळूच टेबलाखाली घेतले.

धुरात खाली, गॅसमध्ये वर

दुसरा दिवस आगीचा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचं भोंग्यासारखं तोंड हाताने धरायचं नाही, गारठ्याने कातडी चिकटते. पेटलेल्या तेलावर पाणी ओतायचं नाही. ('ह्या आमका म्हायत आसा,' काका पुटपुटले. कढईने शिकवलेलं असणार.) मग काळोख्या, धुराने भरलेल्या खोलीतून बाहेर पडायचं. खाली वाकून, पाय जमिनीवरून न उचलता सरकवत, भिंतीला हाताची मागची बाजू लावून. मागचीच का? वाटेत उघडी वायर लागली तर शॉकने हाताची मूठ वळते. तळवा पुढे असेल तर तीच मूठ वायर घट्ट धरून ठेवते.

यानंतरचा धडा माझ्या रोजच्या कामातला. हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास येणारा हा वायू तेलाच्या विहिरीतून वर येऊ शकतो. सरांनी विचारलं, वास वाढत वाढत गेला आणि मग अचानक थांबला, तर त्याचा अर्थ काय? कुणीतरी म्हणालं, 'गॅस गेला.' सर म्हणाले, 'गॅस नाही गेला. तुमचं नाक गेलं.' हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास हा वायू झाला की काही मिनिटांत वास घ्यायची शक्तीच मारली जाते. माणसाला वाटतं संकट टळलं, आणि ते नेमकं तेव्हाच गळ्याशी आलेलं असतं. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. म्हणजे धुरात वाकायचं आणि या वायूत वर चढायचं, वाऱ्याची दिशा बघून, त्याला आडवं जात. म्हणून तर प्लॅटफॉर्मवर तो वाऱ्याचा पट्टेरी मोजा लावलेला असतो.

हा शंभरचा आकडा माझ्या फाइलींमध्ये कितीदा येतो! अलार्मची पहिली पायरी, दुसरी पायरी, मध्ये काही सेकंदांचा विलंब. पण माझ्या स्क्रीनवरच्या त्या चौकोनाच्या पलीकडे कुणाचं तरी नाक असतं, हे असं समोर बसून कुणी सांगितलं नव्हतं.

उलटं जग

तिसऱ्या दिवसाची सगळ्यांना धास्ती होती. पूलवर क्रेनला टांगलेला एक पिवळा डबा, आत खुर्च्या, खिडक्या, पट्टे. हेच आमचं हेलिकॉप्टर. ते पाण्यात उतरवतात आणि मग उलटं करतात.

उलटं का? हेलिकॉप्टरचं इंजिन, पंखे, सगळं वजन माथ्यावर. पाण्यावर उतरलं की ते कलंडायची शक्यता मोठी. आणि हे काही निव्वळ पुस्तकी भय नाही. २८ जून २०२२ ला मुंबईहून निघालेलं एक हेलिकॉप्टर सागर किरण रिगजवळ समुद्रात उतरलं. आत नऊ जण होते. पाच वाचले, चार गेले.

कृती ऐकायला अगदी सोपी आहे. एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसरा बेल्टच्या बकलवर. पाणी छातीशी आलं की दीर्घ श्वास. डबा फिरतो, तेव्हा काहीच करायचं नाही. हालचाल थांबेपर्यंत थांबायचं. मग खिडकी ढकलायची. चौकट धरून ठेवायची. आणि सगळ्यात शेवटी बेल्ट सोडायचा.

शरीराला मात्र नेमकं उलट हवं असतं. पाणी दिसलं की पहिल्यांदा तो पट्टा काढून फेकावासा वाटतो. पण पट्टा सुटला की तुम्ही तरंगायला लागता. जोर लावायला आधार राहत नाही आणि वर कुठे, खाली कुठे, खिडकी कुठल्या बाजूला, काही कळत नाही. लाइफजॅकेटचंही तसंच. आत असताना फुगवलं तर ते तुम्हाला डब्याच्या वरच्या बाजूला चिकटवून ठेवतं. जे वाचवायला दिलंय, तेच चुकीच्या वेळी वापरलं तर मारतं.

माझी पहिली फेरी. पाणी नाकातून थेट मेंदूपर्यंत गेलं असं वाटलं. कानात गडगड, डोळ्यांपुढे फक्त बुडबुडे. हाताखाली चौकट होती. जगात तेवढीच एक गोष्ट जागेवर होती. खिडकी, चौकट, बेल्ट, बाहेर. वर आले तेव्हा खोकता खोकता मी हसत होते. आत जेमतेम काही सेकंद गेले होते.

काका पहिल्या फेरीत अडकले. डबा फिरायच्या आधीच त्यांनी बेल्ट सोडला. आतल्या डायव्हरने त्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच. काठावर बसून ते थरथरत होते. पोहता येत नाही ही अडचण नव्हती. ही पोहण्याची परीक्षा नाही, लाइफजॅकेट तरंगवतं. अडचण होती ती हाताची. तो ऐकत नव्हता.

सर रागावले नाहीत. म्हणाले, 'जेवून या. मग बघू.'

काका जेवले नाहीत. कँटीनमधली प्लास्टिकची खुर्ची त्यांनी भिंतीकडे ओढली आणि मला म्हणाले, 'ताई, उजवो हात खंय ठेवतास तुमी?'

आम्ही अर्धा तास तेच केलं. काका डोळे मिटून खुर्चीवर, भिंतीवरची स्विचबोर्डची चौकट म्हणजे खिडकी, कमरेला बांधलेला पंचा म्हणजे बेल्ट. मी मोठ्याने मोजायची. वेल्डर मुलाने येऊन खुर्ची मागून हलवायला सुरुवात केली, मग आणखी दोघे आले. कुणी हसलं नाही. सर्टिफिकेट नाही तर माझं फार तर वेळापत्रक पुढे गेलं असतं, ऑफिसने दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं. काकांच्या घरी बारावीतली मुलगी होती आणि हातात दुसरं काम नव्हतं. हे बोलून दाखवायची गरज कुणालाच वाटली नाही.

तिसरी फेरी. डबा खाली गेला, फिरला. आम्ही सगळे काठावर उभे, आणि मी तर माझाच श्वास रोखून धरलेला. खिडकी आधी बाहेर आली. मग एक हात. मग काका.

मी विचारलं, 'आता कसं जमलं?' ते नाक पुसत म्हणाले, 'लाइट गेली तरी मीठ खंय आसा तां हाताक कळता. तसा हात टाकलंय.'

तीन दिवसांतली सगळी पॉवरपॉइंट या एका वाक्यात मावली. घाबरू नका असं कुणालाही शिकवता येत नाही. घाबरलेल्या माणसाचा हात कुठे जावा, एवढं मात्र शिकवता येतं.

तराफा आणि हातात हात

त्यानंतरचं सगळं एकदम हलकं वाटलं. उंचावरून पाण्यात पाऊल टाकायचं. उडी मारायची नाही, चालत जाऊन पाऊल पुढे टाकायचं. एका हाताने नाक-तोंड झाकायचं, दुसऱ्याने जॅकेट दाबून धरायचं, नजर समोर. उलटा पडलेला तराफा पट्टा धरून, मागे झुकून आपल्याच अंगावर ओढून सरळ करायचा. तराफ्यात चढल्यावर पहिल्यांदा सगळ्यांनी उलटीची गोळी घ्यायची, मळमळत असो वा नसो. आणि पाण्यात असाल तर गोल करून, एकमेकांना घट्ट धरून राहायचं. ऊब टिकते, शोधणाऱ्याला मोठा ठिपका दिसतो, आणि माणूस एकटा पडत नाही.

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज बॉम्बे हायजवळ बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. सत्तरच्या आसपास गेली. नौदलाने ज्यांना बाहेर काढलं, त्यांतल्या कित्येकांनी लाइफजॅकेट घालून, हातात हात धरून, खवळलेल्या समुद्रात तासन्‌तास काढले होते. त्या बार्जवर बहुतेक कंत्राटी कामगारच होते. रंगारी, वेल्डर, फिटर, आचारी. आमच्या बॅचसारखेच.

वादळाच्या तोंडावर माणसं वेळेत किनाऱ्याला आणली का, हा प्रश्न कुठलंही ट्रेनिंग सोडवत नाही. तो वरच्यांनी सोडवायचा असतो. सर्टिफिकेट हे त्या निर्णयाला पर्याय नाही. पण निर्णय चुकला तर शेवटी उरतो तो माणसाचा हात, आणि तो इंजिनीअरचा असो की आचाऱ्याचा, त्याला सारखंच शिकवलेलं असायला हवं. पूलमध्ये कुणाचं डेसिग्नेशन दिसत नाही.

सर्टिफिकेट चार वर्षं चालतं. मग पुन्हा पूल, पुन्हा तो पिवळा डबा. कारण हात विसरतो.

मी जाऊन आले. काम झालं, यंत्रणा सुरू झाली. जुहूहून निघताना शेजारच्या सीटवरचा मुलगा मोबाइल बंद करण्यात गुंतला होता आणि माझा हात आपोआप खिडकीच्या चौकटीवर गेला होता. आता विमानात बसले की मी दरवाजापर्यंतच्या रांगा मोजते. हॉटेलच्या खोलीत बॅग ठेवायच्या आधी जिन्यापर्यंत चालून येते. मैत्रिणी हसतात. हसू देत. दोन मिनिटंही लागत नाहीत.

ऑफिसात मात्र एक गोष्ट बदलली. अलार्मच्या विलंबाच्या रकान्यात सेकंदांचा आकडा भरताना मी थांबते, आणि त्या डिटेक्टरच्या सर्वांत जवळ कोण उभं असेल ते लेआउटवर शोधते. बऱ्याचदा तिथे किचन असतं.

काका सध्या रिगवर आहेत. किनाऱ्यावर उतरले की मेसेज येतो. परवा त्यांनी तिथल्या सुरमईच्या कढीचा फोटो पाठवला होता. खाली एवढंच लिहिलं होतं, 'ताई, मीठ बरोबर.'