बाजाराचे नियम घडवणारी माणसं

पेठ वडगाव

चि. छोटीस,

एम. ए.नंतर संशोधन कशावर करू, असं तू विचारलंस. बाजाररचनेवर, म्हणजे बाजाराचे नियम कसे घडवावेत यावर कर, असं मी मनापासून सांगेन.

जनावरांच्या बाजारात हेडे, म्हणजे दलाल, रुमालाखाली बोटं धरून बैलाचा भाव ठरवत. शेजारी उभ्या शेतकऱ्याला आकडा कळायचा नाही. शेतमालाच्या अडतीतही हीच रीत होती. १९३९ आणि १९६३ च्या कायद्यांनी बाजार समित्या उभ्या राहिल्या आणि उघड लिलाव रुजला. माल तोच, घेणारे तेच. पण नियम बदलला की पैसा कुणाच्या पदरात पडतो, तेही बदलतं.

अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे ओळखून होते. केंब्रिजहून शिकून आलेला हा माणूस १९३० मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेचा पहिला संचालक झाला, आणि १९३३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं ते पुण्याच्या फळबाजारावर! पुढं प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. प्राध्यापकानं असंच असावं.

अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ यांनी तीच वाट धरली. गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये विद्यार्थी आणि कॉलेजं यांची जोडी लावण्याची एक रीत मांडली होती. नवे डॉक्टर आणि रुग्णालयं यांची सांगड अमेरिकेत आधीपासून जवळपास तशीच घातली जात होती, हे रॉथनी १९८४ मध्ये दाखवलं. मग शाळाप्रवेशाचे आणि मूत्रपिंडांच्या अदलाबदलीचे नियम घडवायलाही त्यांनी मदत केली. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळालं. गेल तोवर वारले होते.

बॉस्टनच्या शाळाप्रवेशात पहिल्या पसंतीला इतकं वजन होतं, की आवडती शाळा प्रामाणिकपणे वर लिहिणारं मूल, ती मिळाली नाही तर, दुसऱ्या चांगल्या शाळेलाही मुकायचं. जाणते पालक हिशेब करून फॉर्म भरत, साधे पालक फसत. रॉथ, पराग पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानंतर २००५ मध्ये ती पद्धत गेली. खरी पसंती लिहिणाऱ्याचं नुकसान होऊ नये, एवढीच त्यांची तळमळ. मला ती फार मोठी वाटते.

आपल्याकडं अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. मग वर काय लिहावं, या विचारानं घरंच्या घरं जागतात. या नियमानं कुणाचं भलं होतं, कुणाचं नुकसान, ते तपास. आणि जे सापडेल ते मराठीतही लिही, फॉर्म भरणाऱ्या आईबापांना वाचता येईल असं.

तुझा मामा