जेवणाचा पत्ता

लिस्बनमध्ये पहिल्याच दिवशी आम्ही दोघांनी एक नियम ठरवला होता. ज्या हॉटेलाच्या दारात पदार्थांची छायाचित्रे लावली आहेत, जिथली यादी चार भाषांत छापली आहे आणि जिथला माणूस रस्त्यावर येऊन आपल्याला आत बोलावतो, तिथे जायचे नाही. परदेशात जाऊन पुन्हा प्रवाशांसाठीच रांधलेले खायचे, तर मग जायचे कशाला? दोघेही भाषेचे शिक्षक असल्यामुळे मूळ संहिता पाहिल्याखेरीज अनुवादावर विश्वास न ठेवण्याची आमची खोड जेवणापर्यंत पोचली होती, एवढेच.

दोन दिवस या नियमाने आम्हाला अर्धपोटी ठेवण्यापलीकडे काही केले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चढणीच्या एका गल्लीत, कपड्यांवर रंगाचे डाग असलेले तीन-चार कामगार एका अरुंद दारातून आत जाताना दिसले. त्यांच्या मागोमाग आम्हीही शिरलो. अशा लहान खानावळीला तिकडे ‘ताश्का’ म्हणतात. टेबलावर कागद अंथरलेला, त्या दिवशीचे पदार्थ हाताने लिहिलेले आणि इंग्रजीचा मागमूस नाही. यादीतली एकही ओळ लागेना. मग मध्येच एक शब्द दिसला : बटाटा. लिपी रोमन, पण शब्द आपलाच. किंवा खरे म्हणजे त्यांचाच. पाव, कोबी, चावी, पगार आणि बटाटा हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. पण शिकवलेली गोष्ट भुकेच्या वेळी समोर आली की तिची चव निराळी लागते.

न मागता आलेले पाव आणि ऑलिव्ह आम्ही पाहुणचार समजून संपवले. ते खाल्ले तर त्यांचेही पैसे लागतात, हे बिल पाहून कळले. बटाट्याच्या दाटसर रसात गर्द हिरव्या कोबीच्या पानांचे दोऱ्यासारखे बारीक काप घातलेले ते सूप मात्र आम्ही दोनदा मागितले. दुसऱ्या वेळी स्वयंपाकघरातून एक वृद्ध बाई हात पुसत बाहेर आली. आमच्या वाडग्यांत डोकावून तिने काहीतरी विचारले. भाषा कळली नाही, प्रश्न कळला. आणि नको होते तेव्हा नेमके दोंडाईचा आठवले.

२००६ च्या डिसेंबरात एक परदेशी संशोधक बाई अहिराणी ओव्या ऐकण्यासाठी दोंडाईच्याला आमच्याकडे आल्या होत्या. सुरत-भुसावळ मार्गावरच्या आमच्या गावी मिरचीचा बाजार मोठा. हंगामात वाळत घातलेल्या मिरच्यांच्या लाल पथाऱ्या पाहून नवखा माणूस आधी हरखतो आणि मग शिंकू लागतो. बाईंचेही तसेच झाले. दुपारी त्यांनी विचारले, इथली माणसे जेवायला कुठे जातात? आम्ही त्यांना हमरस्त्यावरच्या, गावात त्या वेळी सर्वांत चकचकीत असलेल्या हॉटेलात नेले आणि पनीर, तंदुरी रोटी, मंचुरियन मागवले.

घरी आईने सकाळपासून तयारी मांडली होती. (आई म्हणजे आमच्यापैकी एकाची जन्मदात्री, दुसऱ्याची सासू, हाक दोघांचीही एकच.) ज्वारी आणि सालासकट उडीद मीठ घालून एकत्र दळलेला कळणा, अंगणात कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे. बाईंना तिखट सोसणार नाही, पोट बिघडेल, असे आम्ही एकमेकांना सांगितले. ते खरे नव्हते. चुलीचा धूर, जमिनीवरची पंगत आणि आईची अहिराणी, या तिन्हींची आम्हाला लाज वाटली होती.

संध्याकाळी घरी परतलो तेव्हा आई दारातच उभी होती. तिने बाईंना विचारले, “जेवनी का व माय?” बाईंनी तोंड उघडण्याआधी आम्ही घाईघाईने इंग्रजीत सांगितले, “प्रवास कसा झाला, असे विचारते आहे.” बाई क्षणभर थांबल्या, हसल्या आणि त्यांनी होकारार्थी मान हलवली. ती पाहून आई आत गेली. भांड्यांवर झाकणे ठेवल्याचा आवाज आम्ही दोघांनीही ऐकला.

याच आम्ही खानदेशातल्याच सांगवीच्या नेमाड्यांचा देशीवाद वर्गात तावातावाने मांडत असू. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ती बातमी सर्वांत आधी आम्ही पाठवली होती.

‘अस्सल’ हा शब्द मुळात अरबी. आईच्या ताटातली मिरची आणि शेंगदाणा अमेरिका खंडातले, ज्वारी आफ्रिकेतून आलेली. वांगी आणि उडीद तेवढे इथले. मिरची तर पोर्तुगीजांनीच इकडे आणली, म्हणजे दोंडाईच्याचा बाजार लिस्बनहून निघालेल्या गलबतांचा देणेकरी. तेव्हा देशीपण जिन्नसांत शोधण्यात हशील नाही. पुण्यामुंबईत ‘अस्सल खानदेशी’ पाटीखाली मिळणारी शेवभाजी झणझणीत असते, आम्हीही ती आवडीने खातो; पण ती ढाब्याने वाढवलेली. कळण्याची भाकरी मात्र दोंडाईच्याच्या त्या हॉटेलात नव्हती, आणि नसण्याला कारण होते. लिस्बनच्या कामगाराचे घर कामापासून दूर, म्हणून दुपारचे त्याचे रोजचे जेवण खानावळीत रांधले जाते. आमच्याकडचा मजूर भाकरी फडक्यात बांधून शेतावर नेतो. घरात आहे ते विकत कोण घेणार? गावातला माणूस हॉटेलात जातो तो घरी नसते ते खायला. बाईंच्या प्रश्नाचे खरे उत्तर एका घराचा पत्ता हे होते, आणि ते घर आमचे होते.

आई २०१३ मध्ये गेली. लिस्बनहून परतल्यावर आम्ही त्या बाईंना पत्र लिहून आई त्या संध्याकाळी काय विचारत होती ते कळवले. आठवड्याने उत्तर आले. त्यांनी लिहिले होते की अहिराणी ऐकायलाच आलेल्या माणसाला ‘जेवनी’ हा शब्द समजत नसेल, असे तुम्हाला कसे वाटले? पण तुम्ही दोघे इतके कावरेबावरे झाला होतात, की मान हलवण्यावाचून मला दुसरे काही सुचले नाही.

खाली त्यांनी कळण्यात ज्वारी किती आणि उडीद किती, हे विचारले आहे. ते आम्हाला नेमके सांगता येणार नाही. रविवारी दोंडाईच्याला मोठ्या काकूंना फोन करायचा आहे.