हा पाय वेगळा आहे

माझे अब्बा पहाटे तबेल्यात गेले की घोड्याच्या तोंडाकडे बघत नसत. आधी पायांकडे बघत. वाकून मागच्या पायांवरून खुरापर्यंत हात फिरवायचे, 'ठीक आहे' म्हणायचे आणि पुढच्या घोड्याकडे वळायचे. लहानपणी मला ते लाड वाटत. ती तपासणी होती, हे कळायला २०२० साल उजाडावं लागलं.

आमचं घर माथेरानचं. दस्तुरीच्या पुढे पर्यटकांची गाडी जात नाही, म्हणून आमच्यासारख्यांची चूल घोड्यांवर चालते. त्या वर्षी मार्चअखेर टाळेबंदी लागली. कल्याणची माझी नोकरी थांबली आणि मी घरी आलो. पर्यटक नाहीत, फेऱ्या नाहीत. रोज चढउतार करणारे आमचे तीन घोडे थानावर बांधलेले.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहिलं तर तिघांचेही मागचे पाय खालून जाड झालेले, जणू कुणी लोकरीचे मोजे चढवलेत. बोटानं दाबलं तर खळगा पडे आणि हळूहळू भरून येई. मी घाबरलो. अब्बा मात्र शांत होते. म्हणाले, "आजार नाही हा. घोडं उभं राहिलंय, बस."

कारण साधं आहे. घोड्याच्या पायात गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच, असतात ते हाड, शिरा आणि दोरीसारखे कंडरे. हृदय रक्त खाली ढकलतं, पण ते वर परत यायला चालण्याची मदत लागते. पाऊल टेकलं की खुराच्या आतला मऊ भाग दाबला जातो, उचललं की सुटतो. प्रत्येक पावलागणिक हा पंप चालतो. रक्तातून झिरपलेलं पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्यांनाही हालचालच लागते. घोडा बांधला की पंप बंद, आणि पाणी खाली साचतं. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं एकच उत्तर आपण सगळे लहानपणी शिकलो: फिरवलं नाही म्हणून. ते अक्षरशः खरं असतं, एवढंच मला माहीत नव्हतं.

अब्बांचे गुडघे दुखत होते, म्हणून काम माझ्याकडे आलं. त्यांनी नियम घालून दिले. सकाळ-संध्याकाळ गल्लीतल्या गल्लीत का होईना, हातात दोर धरून पंधरा-वीस मिनिटं चालवायचं. थानावर दोर आखूड बांधायचा नाही, घोड्याला वळता आलं पाहिजे. जमीन कोरडी ठेवायची. पाय धुतल्यावर पुसायचे, कारण ओल्या भेगांतूनच घाण आत जाते. पट्टी बांधायचीच तर आत कापसाचा जाड थर, ताण सगळीकडे सारखा, एक बोट सहज आत जाईल एवढी सैल, आणि दिवसातून दोनदा सोडून पुन्हा बांधायची. आवळलेली पट्टी सुजेपेक्षा वाईट, कंडरा कायमचा दुखावते. आणि शेवटचा नियम: काम बंद तर चंदी निम्म्यावर. वाळलेलं गवत भरपूर, पण हरभरा मोजून.

पहिले सगळे मी पाळले. चालवून आणलं की अर्ध्या तासात पाय बारीक दिसायचे. मला वाटलं, जमलं.

मग एप्रिलच्या शेवटी रमजान सुरू झाला. कुणी भल्या माणसांनी घोडेवाल्यांना चाऱ्याची पोती पाठवली होती. रोज्यात, दुपारच्या उन्हात, बिजली माझ्याकडे मान वळवून बघायची. उपाशी पोटाला उपाशी डोळे फार दिसतात. मी एक माप जास्त घालू लागलो, मग दोन. आणि थकव्यानं संध्याकाळची फेरी चुकवू लागलो.

एका पहाटे सहरीनंतर तबेल्यात गेलो. बिजलीचा मागचा डावा पाय मांडीपर्यंत खांबासारखा झाला होता. ती तो टेकत नव्हती. अंगाला घाम होता. मला वाटलं, तीच सूज, जरा जास्त. मी पट्टी घट्ट आवळली आणि तिला बाहेर ओढू लागलो. अब्बा काठी टेकत आले, पायाला हाताची उलटी बाजू लावली आणि म्हणाले, "सोड तिला. पट्टी काढ. हा पाय वेगळा आहे."

फरक त्यांनी तिथेच सांगितला. उभं राहून येणारी सूज बहुधा दोन्ही मागच्या पायांना येते, गार असते, दुखत नाही, चालवलं की उतरते. एकच पाय सुजला, गरम लागला, घोडा लंगडला, खाणं सोडलं, तर ते दुखणं आहे आणि डॉक्टर हवा. थर्मामीटर लावला तर १०३ फॅरनहाइट. निरोगी घोड्याचा ताप ९९ ते १०१ असतो. दोन्ही पायांची गार सूजही चालवून उतरत नसेल, किंवा पोटाखाली पसरत असेल, तरीही थांबायचं नाही.

डॉक्टर खालून वर येईपर्यंत मी पायावर गार पाण्याची धार धरून बसलो. त्यांना खुराच्या वर एक बारीक जखम सापडली. तिथून जंतू शिरून लसिकावाहिन्यांत गेले होते. मी विचारलं, चंदीमुळे झालं का? ते म्हणाले, जखमेमुळे झालं, पण भरपेट खाऊन उभ्या असलेल्या घोड्यात हे जास्त पेटतं. युरोपात ओझी ओढणारे घोडे रविवारी पूर्ण चंदी खाऊन उभे राहायचे आणि सोमवारी सकाळी असा पाय घेऊन सापडायचे, म्हणून या दुखण्याला सोमवार सकाळचं नाव पडलं. आमचा रविवार तर महिनाभर चालला होता.

इंजेक्शनं झाली, ताप उतरला, डॉक्टरांनी सांगितल्यावर हळूहळू चालवणं सुरू झालं. बिजली वाचली. पण तो पाय पूर्वीसारखा बारीक झाला नाही. एकदा असं झालं की त्या वाहिन्या नीट सावरत नाहीत. पर्यटक परतल्यावर तिच्यावर आम्ही फक्त लहान मुलं बसवली. घरातली निम्मी कमाई त्या जादा मापात गेली, हे अब्बांना माहीत होतं. ते मला एकदाही बोलले नाहीत. फक्त चंदीच्या पिंपात एक जुना पत्र्याचा डबा ठेवला आणि म्हणाले, "हातानं घालू नकोस. यानं घाल."

आमच्याकडे गर्दी शनिवार-रविवारी. मधले दिवस घोडे उभेच असतात. आता मी कल्याणहून दर मंगळवारी घरी फोन करतो. धाकटा भाऊ फोन उचलतो, आणि सलाम झाल्यावर मी आधी बिजलीच्या डाव्या पायाचं विचारतो. मागून अब्बांचा आवाज येतो, "हात लावून सांग त्याला, बघून नको."