अमारिलिसचा कांदा

मामंजींनीं लावलेल्या अमारिलिसला त्यांच्या पश्चात् दोन वर्षें फूल आलें नाहीं. सासूबाई कांहीं बोलत नसत. पण चैत्र लागला कीं खिडकींतल्या त्या कुंडीपाशीं त्यांचीं पावलें घुटमळत. दोष माझा होता. फुलें सुकल्यावर कुंडी नीटनेटकी दिसावी म्हणून मीं दांड्याबरोबर पानेंही छाटीत असें!

पुढें वाचनांत आलें, कीं अमारिलिस म्हणून मिळणारा हा कांदा वस्तुतः दक्षिण अमेरिकेंतला हिप्पिएस्ट्रम. त्याच्या पोटांत साधारण चार पानांमागें एक कळी धरते आणि तिचें पोषण पानेंच करतात. म्हणून दांडा तेवढा कापावा, पानें राखावीं. कुंडी कांद्याहून थोडीच मोठी असावी व कांद्याचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवावा. पावसाळाभर उजेड, बेताचें पाणी व खत द्यावें. मार्गशीर्षांत पाणी तोडून कुंडी जिन्याखालीं कोरडी ठेवावी. पानें आपोआप वाळतात. आठ-दहा आठवड्यांनीं ती पुन्हां उजेडांत आणून थोडें थोडें पाणी घालावें. कांदा विषारी आहे; मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

यंदा फाल्गुनांत कोंब दिसला. चैत्रांत चार तांबडीं फुलें उमललीं. सासूबाई कितीतरी वेळ पाहत राहिल्या आणि एवढेंच म्हणाल्या, "आतां पानें कापूं नकोस हो."

दोन वर्षें त्यांना सारें ठाऊक होतें, हें मला तेव्हां कळलें.