मॉरिशस : डोडो गेला, ससाणा वाचला

काशीच्या घाटावर गंगेत पाय बुडवून बसला असाल, तर हे ऐकून नवल वाटेल. 1972 साली गंगेचं पाणी हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावरच्या एका तलावातही ओतण्यात आलं. विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखातल्या या तलावाचं फ्रेंच नाव ग्रां बासँ, पण लोक म्हणतात गंगा तलाव.

1715 ते 1810 इथे फ्रेंचांची सत्ता होती. पुढे इंग्रज आले, तरी बोलण्यात फ्रेंच आणि तिच्यापासून घडलेली क्रिओलच राहिली. 1834 पासून उसाच्या मळ्यांसाठी काशीच्या आसपासच्या भोजपुरी मुलखातून मजूर आले, तसे कोकणातूनही आले. म्हणूनच इथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

काय पाहाल?

शामारेलला सात रंगांची माती पाहा. लाव्हाचा खडक झिजून तिच्यात लोह आणि अॅल्युमिनियमची संयुगं उरली, त्यांचे हे रंग. जवळच उंच धबधबा आहे. चालायची आवड असेल तर ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात जा. किनाऱ्याबाहेर प्रवाळाची भिंत लाटा अडवते, त्यामुळे आतलं पाणी शांत असतं. हाताशी दिवस असतील, तर याच देशातलं रॉड्रिग्ज बेटही पाहा.

मात्र माहेबुर्गजवळचं इल ओ एग्रेत हे छोटं बेट चुकवू नका. डोडो मॉरिशसचाच. 1598 मध्ये डच आले आणि शंभर वर्षांच्या आत शिकारीमुळे व जहाजांतून आलेल्या उंदीर-डुकरांमुळे तो संपला. इथला छोटा ससाणाही त्याच वाटेवर होता. 1974 मध्ये जंगलात फक्त 4 उरल्याची नोंद होती. अंडी उबवून, पिल्लं वाढवून माणसांनी त्याला वाचवलं. या बेटावर वाटाड्यासोबत फिरताना दुर्मीळ गुलाबी कबुतर आणि महाकाय कासवं दिसतात.

2020 मध्ये याच किनाऱ्याजवळ जहाजातून तेल सांडलं होतं. तेव्हा प्रवाळावर पाय देऊ नका, शिंपले उचलू नका.

मे ते डिसेंबर हा काळ उत्तम. जानेवारी ते मार्च वादळांचा. घड्याळ दीड तास मागे करा आणि निघा. गंगा स्वच्छ राहावी असं वाटणाऱ्याला या समुद्राची काळजी वेगळी शिकवावी लागणार नाही.