रोमुरु

माझी पुतणी पुण्यात जपानी भाषा शिकते. एके दिवशी तिने मला एक क्रियापद सांगितले : 'रोमुरु'. इतरांचे लिहिणे वाचीत राहायचे आणि स्वतः काहीच लिहायचे नाही, असा त्याचा अर्थ. मी आयुष्यभर भाषा शिकवली. पण गप्प राहून वाचण्याला स्वतंत्र क्रियापद असू शकते, हे कधी मनात आले नव्हते.

शब्दाचे कूळ मोठे गमतीचे आहे. संगणकात 'रीड ओन्ली मेमरी' नावाचा एक भाग असतो. त्यातील मजकूर वाचता येतो, सहसा बदलता येत नाही. त्याचे आद्याक्षरी नाव 'रॉम'. जपानी उच्चार 'रोमु'. १९८० च्या दशकात जपानमध्ये लोक टेलिफोनच्या तारांवरून संगणक जोडून गप्पा मारू लागले. 'निफ्टी-सर्व्ह' ही तशी एक सेवा १९८७ मध्ये सुरू झाली. तेथे कोणीतरी 'मेमरी'च्या जागी 'मेंबर' घातले आणि नुसता वाचणारा सभासद 'रोमु' झाला. पुढे 'रु' लागला, की क्रियापद तयार. परक्या शब्दाला असा 'रु' जोडण्याची जपानीला हौसच आहे. फ्रेंच 'साबोताज'पासून त्यांनी 'साबोरु' केले, म्हणजे कामाला किंवा तासाला दांडी मारणे!

इंग्रजीत अशा वाचकाला 'लर्कर' म्हणतात. त्या शब्दात दबा धरून बसल्याचा भाव आहे. जपानी शब्दात तो संशय नाही. प्रथमच लिहिणारा मनुष्य 'आजवर मी रोमुच होतो' असे नम्रपणे सांगतो. अर्थात हाच शब्द टोचूही शकतो. १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'निचान्नेरु' या चर्चास्थळावर रीतभात न जाणणाऱ्या नवख्याला 'हान्तोशी रोमुरे' असे सुनावले जाई. सहा महिने नुसते वाच! वाक्य उद्धट खरे. पण गप्प वाचणारा शिकत असतो, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

ते मी धरले नव्हते. प्रौढांच्या माझ्या एका वर्गात शेवटच्या बाकावर एक गृहिणी बसत. कित्येक महिने त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. एकदा सर्वांसमोर मी म्हणालो, "ताई, तुम्ही येता तरी कशाला?" त्या खाली पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, नंतरही नाहीत. बाकाच्या कप्प्यात त्यांची वही राहिली होती. तीत माझा प्रत्येक तास उतरवलेला होता. फळ्यावर मी चुकीचा लिहिलेला एक शब्द त्यांनी तेथे शुद्ध करून घेतला होता. ती वही अजून माझ्याकडे आहे.